भिंगाची प्रत : पेणचे गणपती, कुड्याचे खांब आणि जुनी विशालकोनी भिंगे

मराठीतला ‘प्रत’ हा शब्द मोठा सोयीचा आणि तितकाच फसवा आहे. तांदळाची प्रत म्हटले की दर्जा समजतो, ज्ञानेश्वरीची प्रत म्हटले की हस्तलिखित, आणि छायाचित्राची प्रत म्हटले की कागदावर उतरलेले चित्र. जुन्या कॅमेऱ्यांच्या भिंगांची तुलना करू लागले की हे तिन्ही अर्थ एकमेकांत गुंततात. अमुक भिंग उत्तम प्रतीचे की तमुक, या प्रश्नाचे उत्तर समोरचे भिंग स्वतः कोणत्या अवस्थेतली प्रत आहे आणि त्यातून निघालेली प्रत कोण, कशासाठी, किती अंतरावरून पाहणार आहे, यावर अवलंबून राहते. हा विषय छायाचित्रकारांचा. साहित्याच्या वर्गात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. चरित्रग्रंथ, गौरवग्रंथ, स्मरणिका, गावांचे इतिहास या सर्वांत जुनी छायाचित्रे आपण पुरावा म्हणून बिनदिक्कत छापतो. मजकुराच्या एकेका काना-मात्रेसाठी भांडणारे आपण, छायाचित्राच्या बाबतीत मात्र ‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ या समजुतीवर विसंबतो. कॅमेरा खोटे बोलत नसेलही. पण भिंगाला स्वतःची बोली असते, आणि विशालकोनी भिंगाची बोली तर फारच ठसठशीत.

या भिंगांची परीक्षा घ्यायची तर रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे यांच्या पंचक्रोशीइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल. पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. कारखाना म्हणायचे, पण पुष्कळदा ती लांबट, अरुंद, एका बाजूनेच उजेड येणारी खोली असते आणि फळ्याफळ्यांवर मूर्ती दाटीने उभ्या असतात. पाठ भिंतीला टेकली तरी सारी खोली साध्या भिंगात मावत नाही. म्हणून तिथे विशालकोनी भिंग लागते. आणि तिथे जे दिसते ते सगळे गोल : पोट गोल, गंडस्थळ गोल, मोदक गोल. दुसरीकडे रोह्याच्या दक्षिणेला, राजपुरी खाडीच्या अंगाला कुड्याची बौद्ध लेणी आहेत. लेणी २६, ओसऱ्या उथळ, समोर उभे राहायला जागा बेताची. तिथेही विशालकोनी भिंगावाचून गत्यंतर नाही. पण तिथे महत्त्व सरळ रेषांना : खांब, उंबरठे, तुळयांसारखे कोरलेले पट्टे, छताच्या कडा. एकीकडे गोल, दुसरीकडे सरळ. आमचे म्हणणे एवढेच आहे की, या दोन जागी एकच भिंग एकाच वेळी ‘उत्तम’ ठरू शकत नाही. आणि ते का, हे या भिंगांचा इतिहास पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या वर्तुळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्या पिढीच्या हाती असलेली भिंगे दोन प्रकारची होती : चेहऱ्यांसाठी पेट्झव्हालचे १८४० सालचे जलद भिंग आणि देखाव्यांसाठी साधे, संथ भिंग. दोन्हींचा दृष्टिकोन अरुंद. पेट्झव्हालच्या भिंगात मध्यभाग लखलखीत आणि कडा विरघळलेल्या, हे तर त्याचे लक्षणच. माणूस मध्ये बसवला की काम भागत असे. लेणी मात्र मध्ये बसवता येत नाहीत. १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांनी भारतातील कोरीव मंदिरांवर जे पुस्तक काढले त्यात मेजर रॉबर्ट गिल यांची ७४ छायाचित्रे होती, मुख्यतः अजिंठा-वेरूळची. तशा काळातली चित्रे पाहताना दर्शनी भाग, एखादी ओसरी, एखादा खांब असे तुकडे पुन्हा पुन्हा भेटतात. सबंध दालन एका चौकटीत क्वचित. याचे श्रेय वा दोष केवळ छायाचित्रकाराच्या अभिरुचीला देता येत नाही. अंधार, ओल्या काचपट्टीची घाई आणि भिंगाचा अरुंद कोन या तिघांनी मिळून तो निवाडा आधीच केलेला असे. गिल स्वतः चित्रकार. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला त्यांनी वर्षानुवर्षे केल्या होत्या. कुंचला मान वळवून साऱ्या भिंतीवरून फिरू शकतो. भिंगाला मान नसते.

कुड्याचा तपशीलवार परिचय फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० सालच्या लेण्यांवरील ग्रंथात येतो. पुढे १८८३ साली बर्जेस यांच्या अहवालात तिथले शिलालेख आले. मांदव कुळातील महाभोजांबरोबर एक माळी, एक वैद्य, लोखंडाचा एक व्यापारी असे दाते त्या लेखांत भेटतात. (आपल्याकडच्या दानशूरांच्या संगमरवरी पाट्यांचे हे पूर्वज, फरक एवढाच की त्यांना पाटी मागून विकत आणावी लागली नाही, डोंगरातच होती.) अशा कामात भिंगावर फारसा विश्वास टाकलेला दिसत नाही : लेखांचे कागदी ठसे घ्यायचे, दालनांचे मोजून आराखडे काढायचे. हा अविश्वास जुनाट मनाचा नव्हता. मोजमापाची शिस्त असलेल्या माणसाला त्या काळच्या भिंगातून वाकलेला खांब चालणे शक्य नव्हते.

कोन वाढवण्याचे प्रयत्न तेव्हा पश्चिमेकडे जोरात चालले होते. अमेरिकेत हॅरिसन आणि श्निट्झर यांनी १८६२ साली ‘ग्लोब’ नावाच्या भिंगाचे पेटंट घेतले. दोन्ही बाजूंचे बाहेरचे पृष्ठभाग मिळून एक गोल व्हावा अशी त्याची ठेवण. कोन चांगला मिळे, रेषाही बऱ्यापैकी सरळ राहत. पण चित्राच्या ऐन मध्यावर उजेडाचा एक फिकट डाग उमटत असे. १८६६ साली म्यूनिकच्या श्टाइनहाइल यांचे ‘ॲप्लानॅट’ आणि लंडनच्या डालमायर यांचे ‘रॅपिड रेक्टिलिनियर’ ही भिंगे जवळजवळ एकाच वेळी अवतरली. दुसऱ्याच्या नावातच दावा होता : सरळ रेषा सरळ ठेवणारे. युक्ती साधी आणि देखणी होती. छिद्राच्या पुढे जी काचजोडी तीच मागे उलटी बसवायची, म्हणजे पुढची जोडी रेषेला जेवढी आत वाकवील तेवढीच मागची बाहेर वाकवील. विशालकोनी भिंगांच्या पुढल्या इतिहासात या समतोलाचा पुष्कळ विस्तार झाला. १९०० साली गोएर्त्झ कंपनीसाठी एमिल फॉन हॉएघ यांनी केलेले ‘हायपरगॉन’ हे त्याचे टोक. कागदासारख्या पातळ दोन चंद्रकोरी काचा, जणू फुंकून केलेला पोकळ गोळा. आणि कोन सुमारे १३५ अंशांचा.

इतक्या मोठ्या कोनाची किंमत मोजावी लागते, आणि ती निसर्गनियमाने ठरलेली आहे. अक्षापासून दूर गेले की पटावरचा उजेड त्या कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताने घटतो. हायपरगॉनच्या कडेला, म्हणजे ६७.५ अंशांवर, मध्याच्या सुमारे सत्तेचाळिसाव्या हिश्शाइतकाच प्रकाश पोचतो. यावर तोड म्हणून भिंगासमोर चांदणीच्या आकाराची एक चकती लावलेली असे. रबरी फुग्याने हवा सोडली की ती गरगर फिरायची, मध्याचा उजेड अडवायची आणि कडांना तोपर्यंत प्रकाश पिऊ द्यायची. मग चांदणी बाजूला पाडून उरलेली वेळ मध्यासाठी. यंत्रशास्त्रातला इतका गोड जुगाड आम्हांला दुसरा माहीत नाही.

उजेडाची भरपाई झाली, रेषाही सरळ राहिल्या. राहिला तो गोलाचा प्रश्न. आणि तो कोणत्याही चांदणीने सुटणारा नाही, कारण तो भिंगाचा दोषच नाही. सरळ रेषा सरळ ठेवायची हे एकदा ठरवले की कडेचा गोल लांबट होणे भूमितीने अटळ ठरते. तो मध्यापासून बाहेरच्या दिशेला ताणला जातो. साध्या ३५ मिमी फिल्मवर, चौकटीच्या डाव्या वा उजव्या कडेला असलेला गोल ३५ मिमी नाभ्यंतराच्या भिंगात सुमारे १२ टक्के, २८ मिमीमध्ये १९ टक्के आणि २० मिमीमध्ये ३४ टक्के अधिक रुंद उमटतो. भिंग जर्मन असो, जपानी असो, रशियन असो. जुने असो की काल कारखान्यातून निघालेले. उलट, गोल गोल ठेवणारे भिंग हवे तर रेषा वाकवाव्या लागतात, आणि कुड्याची ओसरी ताटलीच्या कडेसारखी दिसू लागते.

चित्रकारांना ही अडचण फार पूर्वी कळली होती. रोममधील ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या भित्तिचित्रात (१५०९ ते १५११) राफाएलने वास्तू काटेकोर यथादर्शनाने रेखली. पण उजव्या कडेला दोन विद्वानांच्या हाती जे गोल दिले, ते भूमितीप्रमाणे लंबवर्तुळ असायला हवे असताना सरळ वर्तुळच काढले. वास्तू एका नियमाने, गोल दुसऱ्या नियमाने. बघणाऱ्याला ते खटकत नाही. उलट नियम पाळला असता तर खटकले असते. पेणच्या मूर्तिकाराने कॅमेऱ्यातल्या चित्रावर जो आक्षेप घ्यावा तो हाच : मधला गणपती बरोबर आहे, कडेचा माझा नाही. ज्याचा सारा व्यवहार प्रमाणबद्धतेवर चालतो, सोंडेचे वळण आणि पोटाचा घेर यांत बोटभर फरक पडला तरी साचा बाद होतो, त्याला ३४ टक्क्यांचे पोट दाखवून ‘हे उत्तम भिंग आहे, याच्या रेषा पाहा’ असे सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या दृष्टीने ते निकृष्ट भिंग आहे, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या कथेला एक वळण मिळाले. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे ज्याला पुढे सगळेच एसएलआर म्हणू लागले त्यात, भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये वर-खाली होणारा आरसा असतो. त्यामुळे भिंगाचे बूड फिल्मपासून साडेचार सेंटिमीटर तरी दूर ठेवावे लागते. जुन्या समतोल घडणीचे २८ मिमीचे भिंग मात्र फिल्मच्या जवळ जाऊ पाहते. आरसा हलणार कसा? यावर उपाय निघाला तो टेलिफोटोची रचना उलटी करण्याचा. पुढे मोठी अंतर्वक्र काच, मागे बहिर्वक्र जोड्या. तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर चलच्चित्रकॅमेऱ्यात लोलकासाठी जागा हवी म्हणून १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये ही युक्ती वापरली गेली होती. स्थिरचित्रांसाठी ती १९५०च्या दशकाच्या आरंभी फ्रान्सच्या आंजेन्यू यांच्या ‘रेट्रोफोकस’ने आणि पूर्व जर्मनीतील येना येथील झाइसच्या ‘फ्लेक्टोगॉन’ने रुळवली. (आपल्या चित्रपटाच्या इतिहासात ‘अमृतमंथन’मधला १९३४ सालचा टेलिफोटोतून टिपलेला डोळा सर्वांच्या लक्षात आहे. त्याच्या उलट्या भावंडाची आठवण कोणी काढत नाही. जवळून सारे दाखवणाऱ्याला नाट्य कमी, एवढेच कारण असावे.)

या उलट्या घडणीत पुढचे-मागचे सारखेपण गेले, आणि त्याबरोबर रेषा सरळ ठेवणारा समतोलही गेला. चौकटीच्या कडेला ठेवलेला खांब पिंपासारखा किंचित फुगू लागला. काचा वाढल्या, काचा वाढल्या की प्रत्येक पृष्ठावरून उजेड उलटतो. लेप न दिलेल्या एका पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश वाया जातो असे धरले तर सहा सुट्या काचांच्या बारा पृष्ठांत जवळजवळ ४० टक्के. वाया गेलेला हा प्रकाश निमूट नाहीसा होत नाही. तो आत घुटमळतो आणि काळ्या भागांवर राखेसारखा पसरतो. झाइसच्या स्मकुला यांनी १९३५ साली शोधलेला पातळ लेप नसता तर ही उलटी भिंगे व्यवहारात टिकलीच नसती. पेणच्या कारखान्यात हे फार स्पष्ट दिसते. दारातून येणारा पावसाळी पांढरा उजेड चौकटीत घेतला की एकेरी लेपाच्या जुन्या भिंगात आतल्या काळोखाचा करडा होतो, न रंगवलेल्या मूर्ती धुक्यात उभ्या असल्यासारख्या दिसतात. काहींना हेच आवडते. त्याला ‘जुन्या भिंगाचे वातावरण’ म्हणतात. आमचे मत असे की, ते वातावरण भिंगाचे आहे, पेणचे नव्हे. छायाचित्राखाली ‘पेण’ असे लिहिणाऱ्याने एवढा भेद सांभाळावा.

आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांमुळे, विशेषतः २०१३ नंतर पूर्ण चौकटीचे असे कॅमेरे मिळू लागल्यापासून, कपाटांतली जुनी भिंगे पुन्हा बाहेर आली. मध्ये एक धातूचे कडे बसवले की जवळजवळ कोणतेही जुने भिंग अशा कॅमेऱ्यावर चढते. आमच्याही हाती अशी काही आली. फ्लेक्टोगॉन ३५ मिमी एफ/२.८ पूर्ण उघडे ठेवले की मध्य नीट, कोपरे मऊ, एकूण उठाव कमी. एफ/८वर आणले की भिंग शहाण्यासारखे वागते. सोव्हिएत ‘मीर-१’, ३७ मिमीचे, ज्याच्या कड्यावर ब्रसेल्सच्या १९५८ सालच्या प्रदर्शनातील पुरस्कार कोरलेला असतो, ते त्याच कुळातले. उघडे असताना अधिक धुकट, पण चेहऱ्याला मवाळ. निक्कॉर २८ मिमी एफ/३.५ हे १९६०च्या सुमाराचे घरंदाज भिंग. काही मोठे बोलत नाही, एफ/८ला कोपऱ्यापर्यंत स्वच्छ, रेषा थोड्या फुगवते. निक्कॉर २० मिमी एफ/३.५, त्याच दशकाच्या अखेरचे. त्याचा बाक एकसारखा नाही, मध्ये फुगून कडेला परत सरळ होऊ पाहणारा, म्हणजे संगणकावर दुरुस्त करायलाही अवघड. कुड्याच्या ओसरीसाठी या चौघांतून आम्ही २८ मिमी निवडू. पेणच्या खोलीसाठी ३५ मिमी, आणि खोली मावत नसेल तर न मावो.

ज्या भिंगाने कुड्याला खरा न्याय द्यावा ते यांत नाही. समतोल घडणीचा वारसा आरसा नसलेल्या फिल्म-कॅमेऱ्यांत पुढे चालला : लुडविग बेर्तेले यांचे १९५४चे ‘बिओगॉन’ २१ मिमी, मग श्नायडरचे ‘सुपर-अँग्युलॉन’ २१ मिमी, १९५८ आणि १९६३ अशा दोन रूपांत. त्यांची शेवटची काच फिल्मला जवळजवळ टेकलेली. रेषा दोरीने आखल्यासारख्या. फिल्मवर यांच्या तोडीचे काम उलट्या घडणीच्या समकालीन भिंगांना जमले नाही, असे जाणकार मानत आले आहेत आणि ते खरे आहे. पण हीच भिंगे आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावली की कडा जांभळ्या होतात आणि बारकावे फरफटतात. संवेदकाच्या पुढे काचेचा एक थर असतो आणि त्याचे कण खोल विहिरींसारखे. फार तिरप्या येणाऱ्या किरणांना तळ गाठता येत नाही. फिल्मला त्याचे काही वाटत नसे. म्हणजे भिंग तेच, प्रत पालटली. ‘या भिंगाची गुणवत्ता’ हा शब्दप्रयोगच अपुरा आहे. गुणवत्ता जोडीची असते.

आणि कोकणात आणखी एक प्रश्न सुटत नाही. तुमच्या हातातले भिंग हे खरोखर ते भिंग राहिले आहे काय? पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या चामड्याच्या पेटीत ठेवलेल्या भिंगाला पेण-रोह्याच्या हवेत बुरशी लागणे ही नित्याची गोष्ट. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे काचेवर पसरतात, त्यांच्या आम्लाने लेप खाल्ला जातो. साफ केले तरी खूण राहते. दोन काचा चिकटवणारा बाल्सम सुटतो आणि इंद्रधनुषी डाग पडतो. साठच्या दशकातल्या काही भिंगांत थोरियम असलेली काच होती, ती वर्षांनी चहासारखी पिवळी होते. जुन्या दुरुस्तीत एखादी काच उलटी बसलेली असते. त्यामुळे दोन नावांची तुलना केली असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात दोन हस्तलिखितांची तुलना केलेली असते : एकाला कसर लागलेली, दुसऱ्यावर नंतरच्या हाताची दुरुस्ती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती एकाच पोथीवर भरवसा ठेवून नव्हे. भिंगांच्या बाबतीत मात्र एका बुरसटलेल्या प्रतीवरून साऱ्या घराण्याचा निकाल लावण्याची सवय सर्रास आहे. निदान तीन प्रती पाहाव्यात, त्या दिव्यासमोर धरून तपासाव्यात, मग बोलावे.

आतापर्यंत खांब आणि मूर्ती यांचा विचार झाला. माणसांचे काय? रोह्यात दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सलामी होते. अरुंद आळीत पालखी आणि गर्दी दोन्ही एका चौकटीत घ्यायची तर २० वा २४ मिमीशिवाय इलाज नाही. पालखी मध्ये, म्हणून प्रमाणात. आणि कडेला दाटलेल्या माणसांचे चेहरे रुंद, कपाळे ताणलेली. त्यांचा दोष एवढाच की ते कडेला उभे होते.

हे एकदा लक्षात आले की जुनी समूहचित्रे पूर्वीसारखी पाहता येत नाहीत. आपल्या महाविद्यालयांच्या भिंतींवरची घ्या. मध्ये अध्यक्ष, प्राचार्य, त्यांच्या दोहों बाजूंना ज्येष्ठतेने उतरत जाणारे प्राध्यापक, मागे विद्यार्थी, आणि दोन्ही टोकांना शिपाई. जे जे भिंग चांगले करते ते मध्ये करते. रेखीवपणा मध्ये, उजेड मध्ये, प्रमाण मध्ये. टोकाचा माणूस अंधुकही होतो, काळवंडतोही आणि फुगतोही. बसण्याची ही उतरंड भिंगाने केलेली नाही, ती आपली. पण भिंगाने ती इमानाने चित्राच्या कणाकणांत लिहून ठेवली आहे. शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक त्या चित्रावरून लिहील की टोकाचा तो सेवक स्थूल, सावळा, अस्पष्ट चेहऱ्याचा होता. चित्राखालच्या ओळीत त्याचे नाव बहुधा नसतेच. निदान देहयष्टी तरी भिंगाची आहे की त्याची, हे आपण तपासायला हवे.

ते तपासता येते. भिंगाचे नाव कुठेही नोंदलेले नसले तरी चित्रात अंतर्गत पुरावा असतो, आणि त्याला फूटपट्टी व चौथीचा भागाकार पुरतो. चित्रात खरोखर गोल असलेली वस्तू कडेशी शोधावी : मडके, चेंडू, बिनमुकुटाच्या मूर्तीचे पोट. (ताटली किंवा चाक चालणार नाही, ती तिरपी असली की आपोआप लांबट दिसते. गोळाच हवा.) त्याची लांबी भागिले रुंदी काढावी. उत्तर १.२५ आले तर ती वस्तू अक्षापासून सुमारे ३७ अंशांवर होती, आणि न कापलेल्या ३५ मिमी चौकटीच्या अगदी कोपऱ्यात ती असेल तर भिंग २८ मिमीच्या आसपासचे होते. भिंगाचा स्वतःचा बाक यात थोडी ढवळाढवळ करतो, पण अंदाज चुकत नाही. मग त्याच प्रमाणात टोकाच्या माणसाची रुंदी कमी करून त्याला त्याचे अंग परत देता येते. दुसराही मार्ग आहे : चित्र योग्य अंतरावरून पाहणे. २० मिमीच्या भिंगातले चित्र दहापट मोठे करून छापले असेल तर एक डोळा मिटून, बरोबर मध्यासमोर, २० सेंटिमीटरवरून पाहावे. कडेचे गणपती मुकाट गोल होतात. भिंतीवर उंच टांगलेल्या चित्रासमोर असे करायला शिडी लागेल, आणि कार्यालयीन वेळेत ते बरे दिसणार नाही.

याच पुराव्याचा एक अधिक उपयोग आहे. लंबवर्तुळ झालेल्या प्रत्येक गोलाचा लांब अक्ष चित्राच्या मूळ मध्याकडे रोखलेला असतो. वेगवेगळ्या बाजूंचे दोन गोल सापडले आणि त्यांचे अक्ष पेन्सिलीने वाढवले की ते जिथे छेदतात तिथे भिंगाचा मध्य. साध्या कॅमेऱ्याच्या न कापलेल्या चित्रात हा बिंदू कागदाच्या मधोमध यायला हवा. स्मरणिकांत छापलेल्या काही समूहचित्रांवर, पुढच्या सतरंजीवर ठेवलेल्या चेंडू-फुटबॉलांच्या आधारे, आम्ही हा प्रयोग केला. एका चित्रात छेदबिंदू प्राचार्यांच्या खुर्चीवर न येता डावीकडे तीन खुर्च्या सोडून आला. म्हणजे उजवी बाजू तशीच होती आणि डावीकडची एक पट्टी छापण्यापूर्वी कापली गेली होती. किती रुंद, तेही काढता आले : साधारण सहा माणसे मावतील इतकी.